मालक बदलत गेले, खेळाडू टिकून राहिले : 'मास्टर ऑफ मॅजिक' या उपेक्षित गेमचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
डिसेंबर २०२२ मध्ये 'मास्टर ऑफ मॅजिक' नावाचा एक गेम बाजारात आला. पोलंडमधील म्यूहा गेम्स या छोट्या स्टुडिओने तो घडवला होता आणि स्लिथरीन या ब्रिटिश कंपनीने प्रकाशित केला होता. अनेक तरुण खेळाडूंना हे नाव नवे वाटले. प्रत्यक्षात तो १९९४ सालच्या एका डॉस गेमचा पुनर्जन्म होता. मधल्या २८ वर्षांत त्या गेमचा एकही उत्तरभाग निघाला नव्हता आणि मूळ निर्माती कंपनी १९९७ मध्येच बंद पडली होती. मग जवळजवळ तीन दशकांनी तो पुन्हा घडवण्याइतका जिवंत कसा राहिला? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा इतिहास.

२/
प्रथम या खेळप्रकाराची ओळख. 'टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी' म्हणजे आळीपाळीने चाल करण्याचा डावपेचांचा खेळ. एकाची चाल पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. बुद्धिबळाचा पायाही हाच, आणि बुद्धिबळाचे मूळ भारतातील चतुरंगात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्या खेळाला नाव मिळाले. पटावर वेळ थांबलेला असतो आणि त्या थांबलेल्या वेळात खेळाडू विचार करतो. या प्रकारातील सारा आनंद त्या विचारात आहे.

३/
अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भूमीत बुद्धिबळाचा पट विस्तारून युद्धाचा अभ्यास करण्याचे प्रयोग झाले. १७८० मध्ये हेलविग याने आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. १८२४ मध्ये राइसवित्झ या प्रशियन अधिकाऱ्याचा 'क्रीगस्पील' लष्करी प्रशिक्षणात स्वीकारला गेला. नकाशा, तुकड्या, फासे आणि पंच असे त्याचे स्वरूप होते. पुढे हा छंद सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचला. १९७१ मध्ये अमेरिकेत 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमपुस्तिकेला जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडली गेली. तिच्यातूनच १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मले.

४/
संगणकावर या परंपरेला मोठे यश मिळाले ते १९९१ मध्ये. मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीने सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' प्रकाशित केला. एका वसाहतीपासून सुरुवात करून अंतराळयुगापर्यंत संस्कृती वाढवायची, अशी त्याची कल्पना होती. 'आणखी एकच चाल' म्हणत रात्र कधी संपली हे खेळाडूंना कळत नसे. त्या यशानंतर मायक्रोप्रोज अशाच खोलीच्या खेळांच्या शोधात होती आणि तिला टेक्सासमधील ऑस्टिन शहरातला एक लहान गट सापडला.

५/
त्या गटाचे नाव सिमटेक्स आणि प्रमुखाचे नाव स्टीव्ह बार्शिया. 'स्टार लॉर्ड्स' नावाच्या प्राथमिक नमुन्यातून त्यांनी 'मास्टर ऑफ ओरायन' हा अंतराळातील साम्राज्यांचा गेम घडवला. तो १९९३ मध्ये आला. त्याच्याविषयी 'कंप्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात लिहिताना समीक्षक ॲलन एमरिच यांनी शोध, विस्तार, उपयोग आणि संहार या अर्थांच्या चार इंग्रजी शब्दांवरून 'फोर-एक्स' ही संज्ञा रूढ केली. आज जगभर वापरली जाणारी ही संज्ञा सिमटेक्सच्या पहिल्याच गाजलेल्या गेममुळे जन्मली. दुसरा गेम मात्र जादूचा असणार होता.

६/
१९९३ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ त्या वर्षी आला आणि जादूच्या पाच रंगांची कल्पना लोकप्रिय झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'मास्टर ऑफ मॅजिक'मध्ये जीवन, मृत्यू, अराजक, निसर्ग आणि मायाविद्या अशा पाच शाखा दिसतात. त्यांचे रंगही त्या पत्त्यांशी जुळतात. एका हाताला 'सिव्हिलायझेशन'चा नकाशा आणि दुसऱ्या हाताला मंत्रांचा ग्रंथ, असा हा संगम होता. १९९७ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर तो 'सिविझार्ड' या नावाने आला. ते जोडनावच सारे सांगून जाते.

७/
खेळाची सुरुवात नकाशावर होतच नाही. ती होते ती 'जादूगार कोण?' या प्रश्नाने. तयार १४ जादूगारांपैकी एक निवडता येतो किंवा स्वतःचा घडवता येतो. घडवण्यासाठी हाती ११ निवडी असतात. प्रत्येक निवडीतून एखाद्या शाखेचा एक ग्रंथ घ्यायचा किंवा ग्रंथ सोडून एखादे विशेष कौशल्य घ्यायचे. एकाच शाखेचे पुष्कळ ग्रंथ घेतले तर तिचे दुर्मीळ मंत्र हाती येण्याची खात्री वाढते. थोडे थोडे सर्वच घेतले तर विविधता मिळते, पण खोली जाते. जीवन आणि मृत्यू या दोन्ही शाखा एकाच जादूगाराला घेता येत नाहीत.

८/
म्हणजे पहिली चाल करण्यापूर्वीच खेळाडूने एक मोठा निर्णय घेतलेला असतो आणि तो पुढे बदलता येत नाही. 'सिव्हिलायझेशन'मध्ये रोमन घेतले काय किंवा चिनी घेतले काय, सर्वांना तेच शोध आणि तीच सैन्ये मिळत. येथे मृत्यूशाखेचा जादूगार आणि निसर्गशाखेचा जादूगार जणू दोन निराळे खेळ खेळत असतात. पहिला पडलेल्या शत्रूंतून प्रेतसेना उभारतो. दुसरा डोंगर सपाट करून तेथे शेते फुलवतो.

९/
जादूच्या अर्थकारणाची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. मंदिरे, शक्तिस्थाने आणि जादूगाराचा मनोरा यांच्यापासून प्रत्येक चालीत ठरावीक ऊर्जा मिळते. ती तीन दंडांमध्ये वाटायची असते. पहिल्या दंडात मंत्र टाकण्यासाठी लागणारी साठवण, म्हणजे 'माना'. दुसऱ्यात नव्या मंत्रांचे संशोधन. तिसऱ्यात एका चालीत किती जादू वापरता येईल हे ठरवणारे कौशल्य. आज वापरायचे, उद्यासाठी शिकायचे की स्वतःची क्षमता वाढवायची, हा पेच शेवटपर्यंत सुटत नाही. राज्यकारभाराच्या कोणत्याही अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल.

१०/
भूगोल तर त्या काळासाठी धाडसी होता. एकाच डावात दोन लोक असतात. आर्केनस हा सामान्य लोक. मिरर हा त्याच्या पलीकडचा. मिररमध्ये दुर्मीळ खनिजे विपुल, शक्तिस्थाने अधिक समर्थ आणि रस्ते मंतरलेले, म्हणजे त्यांवरून सैन्य क्षणात पार होते. त्याची किंमत म्हणून तेथील राक्षसी पहारे अधिक कठोर. दोन्ही लोकांना जोडणारे मनोरे राक्षसांनी व्यापलेले असतात. ते जिंकल्यावरच ये-जा सुरू होते. आपले राज्य स्थिरावले असे वाटत असतानाच त्या मनोऱ्यातून अनोळखी सैन्य बाहेर पडण्याचा प्रसंग जुने खेळाडू विसरत नाहीत.

११/
या दोन लोकांत १४ जमाती राहतात आणि त्या केवळ चित्रांपुरत्या वेगळ्या नाहीत. सरडेमानव पाण्यातून पोहत जातात, त्यामुळे त्यांना समुद्र हा अडथळाच नाही. ड्रॅकोनियन उडतात. ट्रोलांच्या जखमा आपोआप भरून येतात. डार्क एल्फांच्या शहरात प्रत्येक नागरिक जादूची ऊर्जा निर्माण करतो. काही जमातींना मोठ्या इमारती बांधताच येत नाहीत. शहर जिंकले की त्यातील जमातही आपली होते. त्यामुळे साम्राज्य वाढते तसे ते बहुरंगी होत जाते आणि जमातींमधील परस्पर नाराजीही सांभाळावी लागते.

१२/
यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हाफलिंगांच्या गोफणधाऱ्यांचे. हाफलिंग ही बुटकी, शांत, शेतीप्रिय जमात. तिची गोफणधारी तुकडी स्वस्तात तयार होते. पण एका तुकडीत आठ जण, प्रत्येकावर नशिबाची कृपा आणि सोबतीला एखादा साधा मंत्र, एवढ्यावर ही तुकडी भल्याभल्या राक्षसांना लोळवते. काटेकोर तोलाच्या दृष्टीने पाहिले तर हा दोषच. खेळाडूंच्या लेखी मात्र हा शोध होता. असे अनेक शोध या गेममध्ये दडलेले होते आणि ते एकमेकांना सांगण्यातूनच त्याच्याभोवती एक समुदाय उभा राहिला.

१३/
नकाशावर दोन सैन्ये भिडली की लढाईचे वेगळे मैदान उघडते. प्रत्येक बाजूला नऊपर्यंत तुकड्या असतात. तुकडीतील माणसे एकेक करून पडतात आणि तसतसा तिचा मारा कमी होत जातो. ही पद्धत थेट टेबलावरच्या लहान पुतळ्यांच्या युद्धखेळांतून आली. जादूगार स्वतः मैदानात उतरत नाही, पण दूर राजधानीतून मंत्र टाकू शकतो. सोबतीला सहापर्यंत वीर नेमता येतात आणि त्यांच्यासाठी तलवारी, चिलखते, ताईत स्वतः घडवता येतात. हरणारी लढाई एका मंत्राने उलटवण्याची शक्यता शेवटच्या फेरीपर्यंत राहते.

१४/
मंत्रांची संख्या २०० हून अधिक. त्यांतील पुष्कळसे साधे आहेत: अग्निबाण, जाळे, ढाल. पण वरच्या पायरीवरचे मंत्र जगाचेच रूप पालटतात. अराजकशाखेचा 'आर्मगेडन' शत्रूंच्या भूमीत ज्वालामुखी उगवतो. मायाविद्येतील 'टाइम स्टॉप' टाकणाऱ्याखेरीज सर्वांचा काळ थांबवतो. आळीपाळीने चाल करण्याच्या खेळात दुसऱ्याची पाळीच हिरावून घेणारा मंत्र! खेळाच्या मूळ नियमालाच हात घालण्याची ही मुभा त्या काळात विरळाच होती.

१५/
विजयाचे मार्ग दोन. पहिला, सर्व प्रतिस्पर्धी जादूगारांचा पाडाव. ते जास्तीत जास्त चार असतात. दुसरा, 'स्पेल ऑफ मास्टरी' हा महामंत्र सिद्ध करणे. त्याचे संशोधन अतिशय दीर्घ आणि तो टाकण्याचा खर्च प्रचंड. शिवाय तो सुरू झाला की उरलेले सर्व जादूगार सावध होऊन उलटतात. पराभूत जादूगारही सहजासहजी संपत नाही. त्याच्याकडे एखादे शहर उरले असेल तर तो मंत्राच्या बळावर परतू शकतो. या गेमच्या पुढच्या नशिबाचे वर्णन करायला याहून समर्पक नियम सापडणार नाही.

१६/
१९९४ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा त्याची अवस्था मात्र वाईट होती. तो मध्येच बंद पडे. पुस्तिकेत छापलेले काही गुणधर्म प्रत्यक्षात लागू होत नसत. संगणक चालवत असलेले प्रतिस्पर्धी अनेकदा बाळबोध चाली करत. दुरुस्तीसाठी निर्मात्यांनी पॅच काढले आणि १.३१ ही शेवटची अधिकृत आवृत्ती ठरली. पण तो फ्लॉपी डिस्कचा आणि संथ मोडेमचा काळ होता. आजसारखी दुरुस्ती घरबसल्या आपोआप येत नसे. ज्याच्याकडे मोडेम नव्हता, त्याच्या वाट्याला पुष्कळदा पहिली, सदोष प्रतच राहिली.

१७/
काळही अनुकूल नव्हता. त्याच वर्षी मायक्रोप्रोजचाच 'एक्स-कॉम' गाजला. वर्षअखेरीस 'वॉरक्राफ्ट' आला आणि १९९५ मध्ये 'कमांड अँड कॉन्कर'. बाजाराचे लक्ष थांबून विचार करण्याच्या खेळांकडून सतत धावणाऱ्या 'रिअल-टाइम' खेळांकडे वळले. कल्पनारम्य युद्धखेळांत १९९५ च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'ने जागा पटकावली. तो अधिक देखणा, सोपा आणि घडी बसलेला होता. त्याचे एकामागून एक भाग निघाले आणि दोन्हींच्या नावात 'मॅजिक' असूनही लोकांच्या ओठी राहिला तो 'हीरोज'.

१८/
सिमटेक्सने १९९६ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन २' काढला आणि १९९७ मध्ये ती बंद झाली. स्टीव्ह बार्शिया पुढे ऑस्टिनमधीलच रेट्रो स्टुडिओजमध्ये गेले. निन्टेन्डोसाठी बनलेल्या 'मेट्रॉइड प्राइम' (२००२) या नामवंत गेमच्या काळात ते तेथे वरिष्ठ पदावर होते. 'मास्टर ऑफ मॅजिक'चा दुसरा भाग निघालाच नाही. गेम लिहिणारे हात पांगले आणि उरला तो केवळ मालकी हक्क.

१९/
आता त्या हक्काचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मायक्रोप्रोज १९९३ मध्येच स्पेक्ट्रम होलोबाइटमध्ये विलीन झाली होती. १९९८ मध्ये खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोच्या संगणकीय शाखेने ती विकत घेतली. २००१ मध्ये ती शाखा फ्रान्सच्या इन्फोग्रामेसकडे गेली. इन्फोग्रामेसने पुढे अटारी हे जुने, वलयांकित नाव धारण केले. २०१३ मध्ये अटारीची अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्या अनेक गेमचे हक्क लिलावात निघाले. 'मास्टर ऑफ ओरायन' तेव्हा वॉरगेमिंग कंपनीने घेतला. भावंडांची ताटातूट झाली. 'मास्टर ऑफ मॅजिक' मागेच राहिला.

२०/
कागदोपत्री मालक बदलत असताना गेमची खरी देखभाल भलतेच लोक करत होते. डॉसचे दिवस सरल्यावर नव्या संगणकांवर तो चालेनासा झाला. जुने खेळ नव्या यंत्रांवर चालवणारा 'डॉसबॉक्स' हा मुक्त प्रोग्राम आला आणि ती अडचण दूर झाली. २०१० मध्ये जुन्या गेमची विक्री करणाऱ्या 'जीओजी' या संकेतस्थळावर तो अधिकृतपणे उपलब्ध झाला. गेम पुन्हा हाती आला, पण त्यातील जुन्या चुका तशाच होत्या आणि त्या सुधारण्यात कोणत्याही मालकाला रस नव्हता.

२१/
चाहत्यांनी ते काम अंगावर घेतले. त्यांच्याजवळ मूळ प्रोग्रामची वाचनीय संहिता नव्हती. होती ती केवळ यंत्राला समजणारी आकड्यांची फाइल. ती ओळीओळीने उलगडून, कोणता आकडा कशासाठी आहे याचा अंदाज बांधत, त्यांनी चुका शोधल्या आणि त्याच फाइलमध्ये दुरुस्त्या बसवल्या. हे काम जुन्या पोथीच्या संपादनासारखेच आहे. लेखक हयात नाही, मूळ प्रत हाती नाही, आणि लेखनिकाची चूक कोणती व कर्त्याचा हेतू कोणता, हे उपलब्ध पाठावरूनच ठरवायचे.

२२/
पोथीच्या अभ्यासात उद्भवणारा वाद येथेही उद्भवला. चूक सुधारणे ठीक, पण खेळाचा तोल बदलावा का? गोफणधारी फार बलवान आहेत म्हणून त्यांना दुबळे करावे का? काहींनी फक्त दुरुस्ती केली आणि मूळ रचना जपली. काहींनी पुढे जाऊन नवा पाठच रचला. 'कॅस्टर ऑफ मॅजिक' हे त्यातील सर्वांत मोठे काम. त्यात मंत्र आणि जमाती यांची फेरमांडणी झाली आणि संगणकाचे प्रतिस्पर्धी कितीतरी हुशार झाले. चाहत्यांचा हा पाठ २०२० मध्ये अधिकृतपणे विक्रीस आला. भाष्यालाच ग्रंथाचा दर्जा मिळाला.

२३/
दरम्यान ज्यांना हक्क मिळाले नाहीत त्यांनी वारसा चालवण्याचा प्रयत्न केला. मिशिगनमधील स्टारडॉक कंपनीने हक्कांसाठी बोलणी केली. ती फसल्यावर तिने त्याच धर्तीचा 'एलिमेंटल : वॉर ऑफ मॅजिक' २०१० मध्ये काढला. दैवयोग असा की तोही त्रुटींनी भरलेला निघाला आणि कंपनीप्रमुख ब्रॅड वॉर्डेल यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे 'सिव्हिलायझेशन ४'साठी 'फॉल फ्रॉम हेवन' हा प्रसिद्ध मॉड रचणारे डेरेक पॅक्स्टन यांच्याकडे धुरा सोपवण्यात आली. २०१२ चा 'फॉलन एन्चान्ट्रेस' आधीच्या गेमच्या सुरुवातीच्या ग्राहकांना विनामूल्य देण्यात आला.

२४/
युरोपातही हे बीज रुजले. नेदरलँड्समधील ट्रायम्फ स्टुडिओजची 'एज ऑफ वंडर्स' मालिका १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्या २००२ च्या दुसऱ्या भागात खेळाडू स्वतः जादूगार होतो, शाखा निवडतो, दुरून मंत्र टाकतो. २०२३ मध्ये त्या मालिकेचा चौथा भाग आला. रशियन स्टुडिओचा 'वॉरलॉक : मास्टर ऑफ द आर्केन' (२०१२) आणि पोलंडमधील 'वर्ल्ड्स ऑफ मॅजिक' (२०१५) यांवरही तीच छाया स्पष्ट दिसते. या गेमपैकी एखादा खेळणारा तरुण नकळत १९९४ च्या नियमांवरच चाललेला असतो.

२५/
यांपैकी बहुतेक गेम मूळ गेमपेक्षा देखणे आहेत आणि त्यांचा तोलही अधिक चांगला आहे. तरी जुने खेळाडू मूळ गेमकडे परतत राहिले. त्याचे कारण त्या तोलातच असावे. सर्व बाजूंना समान संधी मिळावी म्हणून टोके घासून गुळगुळीत केली, की आश्चर्यही घासले जाते. 'मास्टर ऑफ मॅजिक'ने खेळाडूच्या हाती जगाचा तोल बिघडवू शकणारी साधने दिली आणि तशीच शत्रूच्याही हाती दिली. त्यातून येणारी भीती आणि मौज यांची नक्कल करणे अवघड ठरले.

२६/
२०१९ मध्ये स्लिथरीनने अटारीकडून हक्क घेतल्याचे जाहीर केले. युद्धखेळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीला आपला ग्राहक ठाऊक होता: तो २५ वर्षे तोच गेम दुरुस्त करत बसला होता! म्हणून पुनर्निर्मितीत दोन लोक, १४ जमाती, जादूचे ग्रंथ आणि आळीपाळीने लढाई हा सांगाडा तसाच ठेवण्यात आला. चौकोनी घरांचा नकाशा षटकोनी झाला, चित्रे नवी आली. जुन्या आणि नव्या गेममध्ये कोणता सरस, यावर चाहत्यांचे आजही एकमत नाही.

२७/
'उपेक्षित' हा शब्द येथे जपून वापरायला हवा. कौतुक या गेमला कधीच कमी पडले नाही. रणनीतीच्या खेळांचे जाणकार त्याचे नाव आदराने घेत आले आहेत. उपेक्षा झाली ती दोन ठिकाणी: बाजारात आणि मालकांच्या कपाटात. तसेच स्मरणरंजनाने त्याचे दोषही झाकू नयेत. मूळ गेममधील प्रतिस्पर्धी दुबळे आहेत, डाव एकदा वरचढ झाला की शेवटचा भाग कंटाळवाणा होतो, आणि ३२० बाय २०० ठिपक्यांचा पडदा आजच्या डोळ्यांना खडबडीत वाटतो.

२८/
आज ज्याला हा गेम नव्याने शोधायचा आहे, त्याने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मूळ गेम जुन्या संगणकाची गरज न लागता चालतो आणि नवा गेम त्याच मांडणीची सोपी ओळख करून देतो. पहिल्या डावात एकाच शाखेचे भरपूर ग्रंथ घ्यावेत आणि हाफलिंग निवडावेत. नियम समजेपर्यंत गोफणधारी सांभाळून घेतात. दुसऱ्या डावात अगदी उलट निवड करावी. एकाच नियमावलीतून दोन वेगळी जगे कशी उभी राहतात, ते तेव्हा ध्यानात येते.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक धडा आहे. संगणकीय गेम ही आपल्या काळाची कागदपत्रे आहेत, आणि ती ताडपत्रांहून नाजूक आहेत. ताडपत्र वाचायला डोळे पुरतात. गेम वाचायला चालू यंत्र लागते. यंत्र कालबाह्य झाले, कंपनी बुडाली, हक्क तिजोरीत अडकले, की कलाकृती असूनही नसल्यासारखी होते. १९९० च्या दशकातील किती गेम असे गप्प झाले असतील, याची मोजदाद अवघड आहे. 'मास्टर ऑफ मॅजिक' बोलता राहिला, कारण काही लोकांनी त्याची भाषा शिकून घेतली.

३०/
गेमचा नियम सांगतो की पराभूत जादूगाराचे एखादे शहर शिल्लक असेल तर तो परत येऊ शकतो. १९९७ नंतर या गेमजवळ ना निर्माता होता, ना उत्साही प्रकाशक. शिल्लक होते ते जगभर विखुरलेल्या खेळाडूंचे एक छोटे शहर. त्यांनी तटबंदी दुरुस्त केली, दिवे चालू ठेवले आणि २५ वर्षे थांबले. २०२२ मध्ये मंत्र सिद्ध झाला.

(धागा समाप्त)